पडद्यावरचा रस्ता

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या पेठांतून फिरणाऱ्यास वाड्यांच्या, आणि आता वाड्यांच्या जागी आलेल्या सोसायट्यांच्या, अंगणांत मातीचे किल्ले उठताना दिसतात. या किल्ल्यांत प्रमाणाचा विचार सहसा कोणी करीत नाही. पहारेकरी दरवाज्याहून उंच असतो, तोफ त्याच्या तळहातावर मावेल एवढी असते आणि तळ्यात सोडलेली बदके गडावरील वाड्याहून मोठी असतात. तरीही किल्ला पाहावयास आलेला कोणी शहाणा गृहस्थ ‘हे काही खरे नव्हे’ असे म्हणत नाही. परंतु एखादे वर्षी गल्लीत असा एक मुलगा निघतो, की जो राजगडाचा नकाशा पुढे ठेवून तिन्ही माच्या ज्या त्या दिशेस वळवितो, बालेकिल्ल्याची उंची फूटपट्टीने मोजतो आणि पहारेकरी मोठे दिसतात म्हणून ते गडावर ठेवावयाचेच नाकारतो. बाकीची मुले त्यास हसतात. पण संध्याकाळी त्याच्याच किल्ल्यापुढे अधिक वेळ उभी राहतात. खरेपणाची ही तहान विलक्षण आहे खरी. ती आम्ही सध्या आमच्या घरात दररोज पाहत आहो.

आमचे चिरंजीव याच शाळेत नववीत शिकतात. त्यांच्या अभ्यासाच्या टेबलास गेल्या वर्षापासून मोटारीचे एक स्टिअरिंग आवळून बसविलेले आहे. टेबलाखाली क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अशी तीन पेडले आहेत, समोर पडदा आहे, आणि भूमितीचे पुस्तक या साऱ्या सरंजामाच्या डाव्या बाजूस अंग चोरून उभे असते. मोटारशर्यतीचे व्हिडिओ गेम ज्या घरी अद्याप आलेले नाहीत अशा पालकांसाठी एवढेच सांगतो, की त्या स्टिअरिंगच्या पोटात एक विजेची मोटार असते. पडद्यावरील गाडी वळणावर गेली की ती मोटार स्टिअरिंगला उलट ओढते. गाडीचे चाक कडेच्या दगडी पट्टीवर चढले की हाताला खडखड झटके देते. ‘बाबा, ही गाडी अगदी खऱ्यासारखी चालते,’ असे चिरंजीव आम्हांस सांगतात. आम्ही स्वतः मोटार चालवितो ती भीतभीत आणि डाव्या बाजूने. तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या खरेपणाविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण ‘खऱ्यासारखी’ म्हणजे नेमकी कशासारखी, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना, म्हणून आम्ही या विद्येचा थोडा शोध घेतला.

प्रारंभी या खेळांत खरे असे फारच थोडे होते. १९७६ साली अटारी नावाच्या अमेरिकन कंपनीने ‘नाइट ड्रायव्हर’ हा खेळ काढला. त्यात काळ्या पडद्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुंट तेवढे दिसत. यंत्राला याहून अधिक काही रेखाटणे साधत नव्हते, म्हणून रात्रीची सबब पुढे केली होती! मोटारीचे चित्रही यंत्र काढीत नसे. तिच्या आकाराचा प्लास्टिकचा एक तुकडा पडद्यावर बसविलेला असे. पुढे १९८२ साली जपानच्या नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ निघाला. त्यात फुजी येथील खऱ्या शर्यतीच्या रस्त्याची वळणे घेतलेली होती आणि पाठीमागे तो प्रसिद्ध पर्वतही होता. १९९७ च्या डिसेंबरात ‘ग्रॅन टुरिस्मो’ आला, आणि त्यात शंभरावर मोटारी आपापल्या नावांनी व स्वभावांनी हजर झाल्या. इंजिन पुढे असलेली गाडी आणि मागे असलेली गाडी यांत फरक असतो, हे जगभरच्या कितीतरी मुलांना या खेळाने शिकविले. आम्हांस तो फरक त्याआधी ठाऊक नव्हता, हेही येथे सांगून टाकतो.

आता तर मजल याच्या फार पुढे गेली आहे. शर्यतीचा खरा रस्ता बंद ठेवून त्यावर लेसरचे यंत्र फिरवितात. यंत्रातून निघालेला किरण डांबरावर आदळून परत येतो आणि त्यावरून त्या बिंदूचे अंतर कळते. असे कोट्यवधी बिंदू मोजले, की रस्त्याची कातडीच जणू उतरवून घेतली जाते. कोठे सांधा आहे, कोठे पॅच मारला आहे, कोठे पाणी जाण्यासाठी उतार दिला आहे, हे काही मिलिमीटरपर्यंत नोंदले जाते. ‘आयरेसिंग’ नावाचा खेळ २००८ साली सुरू झाला, तो याच पद्धतीच्या रस्त्यांवर. जर्मनीतील आयफेल डोंगरांत नुर्बुर्गरिंगचा २० किलोमीटरांहून लांब असा जुना रस्ता आहे. १९२७ साली खुला झालेला हा रस्ता झाडीतून, चढउतारांतून, पुढचे काही दिसत नसताना वळत जातो. त्याचेही असेच मोजमाप होऊन तो २०१५ साली या खेळात दाखल झाला.

रस्त्यापेक्षा अवघड गोष्ट टायरची. एवढी अवजड मोटार, पण ती जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. ब्रेक दाबला की भार पुढच्या दोन तळहातांवर येतो, मागचे दोन हलके होतात; त्याच क्षणी स्टिअरिंग जोराने वळविले तर गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. ओल्या फरशीवरून धावणारा मुलगा एका मर्यादेपर्यंत सावरतो आणि मग एकाएकी सावरत नाही, तसेच टायरचे आहे. थोडे घसरेपर्यंत त्याची पकड वाढत जाते, मग सुटते. ही मर्यादा नेमकी कोठे, याचे गणित संगणक दर सेकंदास शेकडो वेळा करीत असतो. चिरंजीवांना आमच्या शिकवणीने न समजलेला घर्षणाचा नियम या चार तळहातांनी समजला, ही गोष्ट आम्ही त्यांच्या विज्ञानाच्या शिक्षकांपासून लपवून ठेवणार नाही.

एवढे समजून घेतल्यावर आमच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. गाडीचा चकाकता रंग, काचेवरचे पावसाचे थेंब, मावळतीचे ऊन हे सारे पाहून आम्ही प्रथम तोंडात बोट घातले होते. परंतु चिरंजीव आणि त्यांचे मित्र या गोष्टींकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते एकमेकांस सांगतात ते असे, की अमक्या वळणाच्या तोंडाशी उंचवटा आहे, तेथे ब्रेक दाबला तर चाक उचलते. म्हणजे त्यांच्या लेखी रस्त्याचा खरेपणा त्याच्या दोषांत आहे. गुळगुळीत रस्ता कोणीही काढील; खरा रस्ता ओळखावयाचा तो त्याच्या खोडीवरून. आणि या दृष्टीने पाहू गेल्यास आमच्या पुण्यातील रस्त्यांसारखी संपत्ती जगात थोडी असेल! जंगली महाराज रस्त्याचा अपवाद करावा लागेल. १९७० च्या दशकात बांधलेला तो रस्ता इतकी वर्षे टिकला, की त्याची कथा पुणेकर पाहुण्यांस अभिमानाने ऐकवितात. बाकीच्यांची खोड काढावयास लेसरचीही गरज नाही. विनोद बाजूस ठेवला तरी यात तथ्य आहे. मोटारी बनविणारे लोक खराब रस्त्यांचे धक्के मोजून आणतात आणि प्रयोगशाळेत यंत्रावर चढविलेल्या गाडीस तेच धक्के पुन्हा पुन्हा देतात; अशाने गाडी वर्षानुवर्षे टिकेल की नाही हे काही दिवसांत कळते. पिंपरी, आकुर्डी, चाकण येथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत. वेताळ टेकडीवर वाहनांच्या संशोधनाची १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे, जिच्या नावाने पुणेकर त्या टेकडीलाच ओळखू लागले आहेत. असे असूनही या शहरात मोटारशर्यतीचा मोठा रस्ता एकही नाही. शर्यतीची हौस असलेल्या पुण्याच्या मुलास चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइमतूर येथे, नाही तर थेट दिल्लीपलीकडे जावे लागते. बहुतेक मुले अर्थातच कोठेही जात नाहीत; ती टेबलापाशी बसतात.

दिल्लीपलीकडचा तो रस्ता म्हणजे उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६, त्यात एक किलोमीटरहून लांब असा सरळ पट्टा. या रस्त्याची हकीकत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत तेथे ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. पण कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा त्या वर्षीचा खेळ सप्टेंबरातच बाजारात आला होता आणि त्यात बुद्ध सर्किट होते! म्हणजे ज्या रस्त्याचे रीतसर उद्घाटन १८ ऑक्टोबरला व्हावयाचे होते, त्यावरून मुलांनी महिनाभर आधीच गाड्या पळविल्या. मूळ वस्तूच्या आधी तिची नक्कल जन्मास आली. वळणे बरोबर होती, चढ बरोबर होता. मग खरी शर्यत आली. सरावाच्या पहिल्याच दिवशी, २८ ऑक्टोबरला, एक भटके कुत्रे त्या कोरे करकरीत रस्त्यावर आले आणि लाल निशाण दाखवून सर्व गाड्या थांबवाव्या लागल्या. नव्या रस्त्यावर धूळ इतकी, की चाकोरी सोडून गेलेली गाडी घसरलीच म्हणून समजावे. फेलिपे मासा या कसलेल्या चालकाची गाडी पात्रताफेरीत कडेच्या पट्टीवर आपटून तिचे पुढचे सस्पेन्शन मोडले. दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीत पुन्हा तसेच झाले. सेबास्टियन फेटेल जिंकला, आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला. कुत्रे कोणाच्याही खेळात नव्हते. ते असावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु भारतातील रस्त्याचे चित्र काढताना ज्यास कुत्र्याची आठवण झाली नाही, त्याने तो रस्ता नकाशावरच पाहिला असावा, असे आमच्या तीर्थरूपांचे मत पडले.

त्या सर्किटावर २०१३ नंतर फॉर्म्युला वन शर्यत झालेली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात तेथे मोटारसायकलींची मोठी जागतिक शर्यत झाली, आणि तिचाही रस्ता त्या वर्षीच्या खेळात जूनमध्येच येऊन बसला होता. जुना २०११ चा खेळ मात्र अद्याप चालतो. त्यात प्रेक्षकांची गर्दी आहे, निशाणे फडफडत आहेत, आणि जी शर्यत आता भरत नाही ती रोज रात्री जेवणानंतर आमच्या घरी भरते.

तीर्थरूपांचा उल्लेख वर आला. ते राज्य परिवहन मंडळाच्या सेवेत बसचालक होते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. धावली, तीर्थरूपांचा काळ अर्थातच त्यानंतरचा, पण घाट तेच आणि रस्ते फारसे निराळे नव्हते. चिरंजीवांनी एके दिवशी त्यांना त्या टेबलापाशी बसविले आणि नुर्बुर्गरिंगचा रस्ता लावून दिला. तीर्थरूपांनी प्रथम आरसे पाहिले. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून अत्यंत सौजन्याने निघाले. ज्या ठिकाणी चिरंजीव दोनशेने जातात तेथे हे चाळीसने, आणि तेही रस्त्याची डावी कड धरून. पहिल्या आंधळ्या वळणापाशी त्यांनी स्टिअरिंगचा मधला भाग दाबला.

‘आजोबा, काय करताय?’

‘हॉर्न कुठं आहे रे याचा?’

‘इथं हॉर्न लागत नाही. समोरून कुणी येतच नाही.’

‘समोरून कुणी येत नाही?’ तीर्थरूपांनी गाडी थांबविली. ‘मग घाट कसला हा?’

त्यानंतर त्यांनी संपूर्ण फेरी पुरी केली, आणि ती आमच्या मते अप्रतिम होती; एकदाही चाक रस्त्याबाहेर गेले नाही. उतरल्यावर त्यांनी जे सांगितले ते आम्ही शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. ‘हे चाक हात ओढतं, ते बरोबर आहे. ज्यानं केलंय त्यानं गाडी चालवलेली आहे. पण बाळ, गाडी घसरायला लागते ना, ते आधी बुडाला कळतं, हाताला मागाहून. इथं तुझी खुर्ची हलत नाही. आणि माझ्या मागं पन्नास माणसं बसलेली असायची, त्यांचं वजन वळणावर कळायचं. एखादी बाई म्हणायची, जरा हळू घ्या हो. ते वजन यात कुठंय?’ चिरंजीवांनी नम्रपणे सांगितले, की हलणाऱ्या खुर्च्याही मिळतात, फक्त त्या महाग आहेत. तीर्थरूप हसले. ते खुर्चीविषयी बोलत नव्हते, हे चिरंजीवांस त्या वेळी कळले की नाही, कोण जाणे.

या वजनाची गोष्ट आम्ही थोडी पुढे नेतो, कारण आमचा खरा मुद्दा येथेच आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा खेळ बारीकसारीक तपशिलाबद्दल नावाजलेला. परंतु २०१० साली निघालेल्या पाचव्या भागापर्यंत त्यातील मोटार भिंतीवर आपटली तरी तिच्यावर ओरखडा दिसत नसे. इंजिनाचा आवाज खरा, टायर खरा, रस्ता खरा. आघात तेवढा खोटा. आपली गाडी चेपलेली दाखवावी हे मोटारी बनविणाऱ्यांस आवडत नाही, हे त्याचे एक कारण सांगतात. पुढे ओरखडे आले, तुटणारे भाग आले. तथापि सर्वांत मोठी सोय राहिली ती राहिलीच. एक बटण दाबले की मोडलेली गाडी पुन्हा आरंभरेषेवर उभी राहते, नवी कोरी.

याच खेळातून खऱ्या शर्यतीत गेलेला एक तरुण आहे. ब्रिटनमधील जॅन मार्डेनबरो याने २०११ साली ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या खेळाडूंसाठी ठेवलेली स्पर्धा जिंकली, आणि दोनच वर्षांनी, २०१३ साली, फ्रान्समधील ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळविला. टेबलापाशी बसून शिकलेली विद्या खोटी नसते, याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावा? पण २८ मार्च २०१५ रोजी नुर्बुर्गरिंगच्या त्याच जुन्या रस्त्यावर फ्लुगप्लाट्झ नावाच्या उंचवट्यावरून जाताना त्याच्या गाडीचे नाक वर उचलले गेले, गाडी हवेत उलटून कुंपणापलीकडे गेली, आणि शर्यत पाहावयास आलेला एक प्रेक्षक मरण पावला. तो उंचवटा २००४ सालापासून खेळातही आहे. त्या तरुणाच्या जीवनावर २०२३ साली चित्रपट निघाला. त्यात हा अपघात ले मान्सच्या आधी घडल्याचे दाखविले आहे, म्हणजे दुःखानंतर विजय येतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. प्रत्यक्षात विजय आधी होता, आणि मृत्यू नंतर. खरेपणासाठी मिलिमीटर मोजणाऱ्या खेळावरचा चित्रपट काळाच्या बाबतीत इतका सैल असावा, याचा आम्हांस राग आला.

आणि पुण्यातील पालकांस आयफेलच्या डोंगरात जावयास नको. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अतिवेगवान परदेशी मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांस धडक दिली आणि दोघेही मरण पावले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्यास प्रथम जामीन मिळाला तेव्हा तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोकांच्या संतापानंतर तो आदेश बदलला गेला. त्या मुलाने व्हिडिओ गेम खेळला होता की नव्हता याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही, आणि खेळामुळे असे घडते असेही आम्ही म्हणत नाही. मार्डेनबरोइतके गाडीला जाणणारे लोक थोडेच असतील, आणि त्याचे शिक्षण खेळातच झाले. आम्ही म्हणतो ते एवढेच, की चार तळहातांचे गणित खेळात अगदी बरोबर येते आणि पाचवी गोष्ट, समोरून येणारा माणूस, येत नाही. पालकांनी खेळ बंद करावा असे वाटणाऱ्यांत आम्ही नाही. ती पाचवी गोष्ट दुसरीकडून शिकवावी लागेल, आणि ती शिकवावयास आमच्याजवळ तरी यंत्र नाही.

या उन्हाळ्यात चिरंजीवांनी आमच्यापाशी मोटारीची किल्ली मागितली. सोसायटीच्या आवारातच एक फेरी, असे म्हणाले. कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत थांबावयाचे असते, हे आम्ही सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: ‘बाबा, मला तुमच्यापेक्षा चांगली चालवता येते.’ आम्हांस वाईट वाटले ते अशासाठी, की ही गोष्ट बहुधा खरी आहे. आम्ही किल्ली दिली नाही. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तीर्थरूपांनी चिरंजीवांस विचारले, ‘तुझ्या त्या यंत्रात आपला कात्रजचा घाट आहे का?’

नव्हता. परंतु काही खेळांत हौशी लोकांस स्वतःचा रस्ता रचून घालता येतो, असे निघाले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आजोबा आणि नातू स्वारगेटहून बसने जुन्या कात्रज घाटात जातात. लेसरचे यंत्र त्यांच्यापाशी नाही. एक मोजपट्टी, चिरंजीवांचा मोबाइल आणि एक शंभर पानी वही आहे. जुना बोगदा, त्याच्या अलीकडची वळणे, त्यांचे उतार, कठड्यांची उंची असे सारे चिरंजीव आपल्या अक्षरात उतरवून घेतात. तीर्थरूप उभे राहून तोंडाने सांगत असतात, आणि मोजमापांच्या शेजारी तेही लिहिले जाते. वही आम्ही गुपचूप पाहिली. चौथ्या वळणासमोर ‘त्रिज्या’ म्हणून एक आकडा आहे, त्याच्याखाली लिहिले आहे: ‘इथे दुसरा गिअर. हॉर्न दोनदा. पावसाळ्यात डाव्या अंगाने पाणी येते. सकाळी दूधवाला सायकल हातात धरून चढत असे, त्याला जागा सोडणे.’